परवलीचा शब्द ते किल्ली : मुक्त स्रोत संगणक प्रणालींच्या दूरस्थ सुरक्षिततेचा ऐतिहासिक आढावा (१९६९ ते २०२४)

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची सूची, परीक्षा विभागाच्या नोंदी किंवा संस्थेचे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर चालते, त्याचे व्यवस्थापन पुष्कळदा पडद्यावरील चित्रे आणि खिडक्या यांच्या साहाय्याने केले जात नाही. प्रशासकाने एकेक ओळ लिहून आज्ञा द्यावी आणि संगणकाने तिचे पालन करून उत्तर छापावे, ही कमांड लाइनची जुनी पद्धत लिनक्स व तत्सम मुक्त स्रोत प्रणालींवर आजही प्रमाण मानली जाते. आज्ञा देणारी व्यक्ती त्या संगणकासमोर बसलेली असतेच असे नाही. ती दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या खंडातही असू शकते. अशा वेळी दोन मूलभूत प्रश्न निर्माण होतात. आज्ञा देणारी व्यक्ती खरोखर अधिकारी व्यक्ती आहे हे संगणकाने कसे ओळखावे? आणि समोरचा संगणक हा आपलाच संगणक आहे हे त्या व्यक्तीने कसे ओळखावे? मुक्त स्रोत प्रणालींच्या सुरक्षिततेचा इतिहास हा बव्हंशी या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

मुक्त स्रोत आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांना वाचता येतो, त्यामुळे तिच्यातील दोष लवकर सापडतात आणि म्हणून ती अधिक सुरक्षित असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये प्रथम मांडलेल्या 'द कॅथीड्रल अँड द बझार' या निबंधामुळे हा विचार विशेष प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात या विचाराची ऐतिहासिक घटनांच्या आधारे तपासणी करण्यात आली आहे.

उद्दिष्टे

१. दूरस्थ प्रवेशाच्या साधनांचा युनिक्सपासून ओपनएसएसएचपर्यंतचा विकास मांडणे.
२. या विकासास कारणीभूत ठरलेल्या सुरक्षाभंगाच्या प्रमुख घटनांचे विश्लेषण करणे.
३. स्रोत खुला असणे आणि प्रणाली सुरक्षित असणे यांतील संबंध तपासणे.

परवलीच्या शब्दाची समस्या : १९६९ ते १९७९

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स या प्रणालीचा आरंभ केला. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही तिच्यामागील कल्पना होती. अनेक वापरकर्ते आले म्हणजे प्रत्येकाची ओळख पटविणे आले आणि त्यासाठी परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, हे साधन स्वीकारण्यात आले. हे साधन किती दुबळे आहे हे युनिक्सच्या निर्मात्यांनीच प्रथम आकडेवारीसह दाखवून दिले, ही बाब उल्लेखनीय आहे.

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा या विषयावरील शोधनिबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वापरकर्त्यांचे ३,२८९ परवलीचे शब्द तपासले. त्यांपैकी १५ शब्द केवळ एका अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे होते. लहान शब्द, केवळ लहान किंवा केवळ मोठ्या लिपीतील शब्द आणि शब्दकोशात सहज सापडणारे शब्द असे सर्व मिळून २,८३१ शब्द, म्हणजे ८६ टक्के, अल्प प्रयत्नात ओळखता येण्यासारखे होते.

या दुबळेपणावर दोन उपाय योजण्यात आले. परवलीचा शब्द जसाच्या तसा न साठविता त्यावर एकदिश गणिती प्रक्रिया करून केवळ तिचे फलित साठविणे, हा पहिला उपाय होय. अशा फलितावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही. त्या प्रक्रियेत प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक यादृच्छिक संख्या मिसळणे, हा दुसरा उपाय होय. या संख्येला 'सॉल्ट' म्हणजे मीठ असे नाव पडले. त्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी साठविलेले फलित बहुधा भिन्न येई आणि आधीच तयार केलेल्या कोष्टकाच्या साहाय्याने सर्वांचे शब्द एकदम शोधणे अवघड होई. हे तत्त्व आजही अनेक प्रमुख प्रणालींमध्ये वापरले जाते. तथापि या उपायांनी संगणकात साठविलेल्या शब्दाचे रक्षण झाले. तारेतून प्रवास करणाऱ्या शब्दाचे रक्षण झाले नाही.

विश्वासाचे जाळे आणि त्याचा भंग : १९८३ ते १९९४

दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी त्या काळी टेलनेट हे साधन वापरले जात असे. त्याचे प्रमाणित स्वरूप १९८३ मध्ये निश्चित झाले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्सच्या ४.२बीएसडी या आवृत्तीतून आरलॉगिन हे साधन वितरित झाले. टेलनेटमध्ये परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत तारेवरून जात असे. आरलॉगिनमध्ये तर काही वेळा तो विचारलाही जात नसे. 'अमुक संगणकावरील अमुक वापरकर्ता विश्वसनीय आहे' अशी नोंद एका फाईलीत केली की दार उघडे होई. परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या लहानशा समुदायात ही व्यवस्था सोयीची होती. जाळे विस्तारले तेव्हा मात्र ती सोयच घातक ठरली.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंप्रसारी प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. तो 'मॉरिस वर्म' या नावाने ओळखला जातो. सुमारे ६,००० संगणक त्याने बाधित झाले, असा अंदाज त्या वेळी व्यक्त झाला. या प्रोग्रामने प्रामुख्याने चार मार्ग वापरले : सेंडमेल या टपाल आज्ञावलीतील चाचणीसाठी ठेवलेली सोय, फिंगर सेवेतील स्मृतिमर्यादा ओलांडण्याचा दोष, संगणकांमधील वर उल्लेखिलेला परस्परविश्वास आणि परवलीच्या शब्दांचा अंदाज. अंदाज बांधण्यासाठी त्याच्याजवळ ४३२ शब्दांची स्वतःची यादी होती. १९७९ च्या शोधनिबंधाने ज्या दुबळेपणाचा इशारा दिला होता, तोच येथे प्रत्यक्षात वापरला गेला. त्या शोधनिबंधाचे एक लेखक रॉबर्ट मॉरिस हे या विद्यार्थ्याचे वडील होत. या घटनेनंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' हे संगणक आपत्ती समन्वय केंद्र स्थापन झाले.

याच केंद्राने ३ फेब्रुवारी १९९४ रोजी एक गंभीर सूचना प्रसृत केली. घुसखोर एखाद्या संगणकावर ताबा मिळवून त्याच्या नेटवर्कवरून जाणारी सर्व माहिती गुपचूप टिपत होते आणि त्यातून हजारो संगणकांचे परवलीचे शब्द त्यांच्या हाती लागले होते. शब्द कितीही कठीण निवडला तरी तो उघडा पाठविला जात असल्याने त्याचा उपयोग नव्हता. येथे दोष वापरकर्त्याच्या निष्काळजीपणाचा नसून साधनाच्या रचनेचा होता, हे या घटनेने सिद्ध केले.

फिनलंडमधील उत्तर : १९९५

१९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर अशाच प्रकारे परवलीचे शब्द टिपले गेले. तेथील संशोधक तातू यलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच, म्हणजे 'सिक्युअर शेल', हे साधन तयार केले आणि जुलै १९९५ मध्ये ते मूळ मजकुरासह सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिले. फाईल हस्तांतरणाच्या एफटीपी सेवेचा पोर्ट क्रमांक २१ आणि टेलनेटचा २३ होता. नवे साधन या दोहोंची जागा घेणार असल्याने यलोनेन यांनी मधला २२ हा मोकळा क्रमांक मागितला आणि तो मंजूरही झाला. १९९५ अखेर सुमारे ५० देशांत या साधनाचे २०,००० वापरकर्ते झाल्याचा अंदाज नोंदविला गेला आहे.

भारताच्या संदर्भात हे वर्ष वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली आणि मुंबई हे तिच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. या सेवेतील 'शेल खाते' केवळ अक्षरांवर चालत असे. दूरध्वनीच्या तारेने युनिक्स संगणकाला जोडून घेऊन तेथे आज्ञा लिहाव्या लागत. महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांची दूरस्थ संगणकाशी पहिली ओळख या मार्गाने झाली.

एसएसएचने आरंभी नमूद केलेल्या दोन्ही प्रश्नांना उत्तर दिले. जोडणी होताच दोन्ही संगणक गणिती पद्धतीने एक सामाईक गुप्त किल्ली ठरवितात आणि त्यानंतरचा सर्व संवाद तिच्या आधारे कूटबद्ध होतो. त्यामुळे मध्ये टिपणाऱ्याच्या हाती निरर्थक अक्षरे पडतात. वापरकर्त्याची ओळख पटविण्यासाठी परवलीच्या शब्दाला पर्याय म्हणून किल्ल्यांची जोडी वापरता येते. या जोडीतील खाजगी किल्ली वापरकर्त्याच्या संगणकातून बाहेर जात नाही आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर एका ठरावीक फाईलीत नोंदविली जाते. आपल्याजवळ खाजगी किल्ली आहे हे वापरकर्ता ती किल्ली न दाखविताच सिद्ध करतो.

सर्व्हरची ओळख पटविण्याची व्यवस्था मात्र माणसाच्या दक्षतेवर सोपविलेली आहे. पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा संक्षिप्त ठसा पडद्यावर दाखविला जातो आणि तो मान्य आहे काय, असे विचारले जाते. हा ठसा अन्य मार्गाने मिळविलेल्या ठशाशी ताडून पाहावा अशी अपेक्षा असते. व्यवहारात बहुतेक वापरकर्ते न वाचताच होकार देतात. एकदा होकार दिला की ती किल्ली लक्षात ठेवली जाते आणि पुढे ती बदलल्यास इशारा मिळतो. अर्थात पहिला होकारच चुकीच्या संगणकाला दिला गेला असेल, तर नंतरचे इशारे निरुपयोगी ठरतात.

ओपनएसएसएच आणि 'मुळातच सुरक्षित' हे तत्त्व : १९९९ ते २००२

यलोनेन यांनी १९९५ च्या अखेरीस या साधनासाठी कंपनी स्थापन केली. त्यानंतरच्या आवृत्त्यांचा परवाना उत्तरोत्तर अधिक निर्बंधित होत गेला. १९९९ मध्ये ब्यॉर्न ग्रोनवाल यांनी मुक्त परवान्याखालील १.२.१२ ही जुनी आवृत्ती घेऊन तिच्यातील दोष दूर करण्यास आरंभ केला. या कामाचा आधार घेऊन ओपनबीएसडी प्रकल्पाच्या विकासकांनी ओपनएसएसएच तयार केले आणि डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या २.६ या आवृत्तीबरोबर ते प्रसिद्ध झाले. लिनक्स व अन्य प्रणालींवर चालणारी त्याची आवृत्ती डेमियन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. जुन्या आवृत्तीचा परवाना मुक्त नसता, तर हे पुनरुज्जीवन शक्य झाले नसते. मुक्त परवान्याचे ऐतिहासिक महत्त्व येथे स्पष्ट होते.

थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये आरंभिलेला ओपनबीएसडी प्रकल्प कॅनडातील कॅल्गरी येथून चालविला जातो. कूटलेखनाच्या निर्यातीवर अमेरिकेचे कडक निर्बंध असलेल्या काळात ही भौगोलिक बाब उपयुक्त ठरली. या प्रकल्पाने दोन तत्त्वे रुजविली. पहिले म्हणजे मूळ मजकुराची ओळीओळीने तपासणी. दुसरे म्हणजे प्रणाली स्थापित होताच अनावश्यक सेवा बंद असणे. तत्पूर्वीच्या अनेक युनिक्स व लिनक्स वितरणांत स्थापनेबरोबर बऱ्याच सेवा आपोआप सुरू होत आणि त्या शोधून बंद करण्याचे ओझे प्रशासकावर पडे. नवशिक्या प्रशासकाला त्या सेवांची नावेही ठाऊक नसत. 'मुळातच सुरक्षित' या तत्त्वाने हे ओझे निर्मात्याकडे वळविले.

हे तत्त्व मांडणाऱ्यांनाही दोषाने गाठलेच. पाच वर्षांत मूळ स्थापनेत दुरून शिरकाव करण्याजोगा एकही दोष आढळला नाही, असा ओपनबीएसडीचा अभिमानाचा दावा होता. जून २००२ मध्ये ओपनएसएसएचमध्येच असा दोष आढळला आणि तो दावा बदलावा लागला. परंतु त्याच सुमारास नील्स प्रोव्होस यांनी विकसित केलेले अधिकार-विभाजनाचे तंत्र वापरात आले. अनोळखी व्यक्तीशी बोलणारा प्रोग्रामचा भाग अत्यल्प अधिकारांनिशी वेगळा चालवावा आणि सर्वाधिकार असलेला भाग लहान ठेवावा, हे त्याचे सूत्र होय. दोष राहणारच हे गृहीत धरून त्याचा परिणाम मर्यादित करणे, ही सुरक्षाविचारातील महत्त्वाची प्रगती होती.

गाळलेली ओळ : डेबियन प्रकरण, २००६ ते २००८

डेबियन हे लिनक्सचे एक प्रतिष्ठित वितरण आहे. २००६ मध्ये त्याच्या ओपनएसएसएल या कूटलेखन संग्रहातील काही मजकूर वगळण्यात आला. स्मृतीच्या वापरातील चुका शोधणारे व्हॅलग्राइंड हे साधन त्या ठिकाणी इशारा देत होते आणि तो इशारा बंद करणे एवढाच त्यामागील हेतू होता. बदलापूर्वी संबंधित विकासकांच्या चर्चेत विचारणाही झाली होती. प्रत्यक्षात वगळलेल्या मजकुरामुळे यादृच्छिक संख्या निर्माण करण्याची यंत्रणाच निकामी झाली. यादृच्छिकतेचा आधार म्हणून केवळ प्रक्रियेचा अनुक्रमांक उरला आणि त्याची कमाल मर्यादा ३२,७६८ होती. परिणामी ज्या किल्ल्यांची संख्या व्यवहारतः अगणित असावयास हवी, त्या प्रत्येक प्रकारात जेमतेम ३२ हजारांवर आल्या. एवढ्या किल्ल्या तयार करून एकामागून एक लावून पाहणे कोणालाही शक्य होते.

लुसियानो बेलो यांच्या लक्षात आल्यानंतर १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर करण्यात आला. आज्ञावलीची दुरुस्ती एका दिवसात होऊ शकली, परंतु दरम्यान तयार झालेल्या किल्ल्या जगभरच्या सर्व्हरांवर नोंदविल्या गेल्या होत्या, ज्यांवर डेबियन नव्हते अशा सर्व्हरांवरही. त्या शोधून रद्द करण्यासाठी दुबळ्या किल्ल्यांच्या याद्या आणि तपासणीची साधने वितरित करावी लागली. हा मजकूर जवळजवळ २ वर्षे सर्वांसमोर उघडा होता. वाचता येणे आणि वाचले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

देखभालीचा प्रश्न : २०१४ ते २०२४

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला. एसएसएचच्या संवादपद्धतीला त्याची बाधा नव्हती, परंतु असंख्य संकेतस्थळे ज्या आज्ञावलीवर विसंबून होती तिची देखभाल मोजक्या व्यक्ती अपुऱ्या निधीवर करीत होत्या, हे त्यानिमित्ताने सर्वांना कळले. त्याच वर्षाच्या आरंभी ओपनबीएसडी प्रकल्पाला विजेच्या बिलासाठी देणग्यांचे आवाहन करावे लागले होते.

या प्रश्नाचे सर्वांत गंभीर रूप २०२४ मध्ये दिसले. एक्सझेड ही माहिती संक्षिप्त करणारी आज्ञावली दीर्घकाळ प्रामुख्याने एकच स्वयंसेवक सांभाळीत होता. २०२१ पासून 'जिया तान' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने उपयुक्त सुधारणा पाठवून विश्वास संपादन केला आणि कालांतराने सहव्यवस्थापकाचे अधिकार मिळविले. पुढे ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत छुपे दार बसविण्यात आले. ओपनएसएसएच स्वतः एक्सझेड वापरीत नाही. तथापि काही लिनक्स वितरणांनी आपल्या सोयीसाठी केलेल्या जोडणीमुळे एक्सझेडचा संग्रह एसएसएच सेवेच्या प्रक्रियेत येऊन पोहोचत असे. विशेष म्हणजे ते दार उघडणारा निर्णायक तुकडा सार्वजनिक भांडारात नव्हता. तो वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता आणि उर्वरित भाग चाचणीच्या फाईलींत दडविलेला होता.

आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस प्रकल्पाच्या विकासकाला एसएसएचच्या प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे आढळले. काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्राइंडने दिलेला एक चमत्कारिक इशाराही त्याला आठवला. त्याने मागोवा घेऊन २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. त्यामुळे दूषित आवृत्त्या बहुतेक वितरणांच्या स्थिर स्वरूपात पोहोचण्यापूर्वीच मागे घेता आल्या. २००६ मध्ये ज्या साधनाचा इशारा अडचण समजून बंद करण्यात आला, त्याच साधनाच्या इशाऱ्याने २०२४ मध्ये अनर्थ टळण्यास मदत झाली. फरक साधनात नव्हता, इशाऱ्याकडे पाहण्याच्या वृत्तीत होता.

त्याच वर्षी १ जुलै रोजी ओपनएसएसएचच्या लिनक्सवरील आवृत्तीत आणखी एक दोष जाहीर झाला. तो २००६ मध्येच दुरुस्त झाला होता, परंतु नंतरच्या एका बदलात ती दुरुस्ती अनवधानाने निघून गेली होती. एकदा केलेली दुरुस्ती कायम राहीलच याची शाश्वती नसते, हे त्यावरून दिसते.

प्रशासकाच्या कामाचे बदललेले स्वरूप

या इतिहासाचे प्रतिबिंब प्रणाली उभारण्याच्या आजच्या रीतीत पडलेले आहे. रूट या सर्वाधिकारी खात्याने थेट प्रवेश न करता सामान्य खात्याने प्रवेश करून गरजेपुरता सुडो ही आज्ञा वापरणे, परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश बंद करून किल्ल्यांचा अवलंब करणे, अनावश्यक सेवा थांबविणे, दुरुस्त्या वेळेवर घेणे आणि नोंदवह्या नियमित वाचणे, असे तिचे टप्पे आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनएसएसएचच्या ७.० या आवृत्तीने रूट खात्यासाठी परवलीच्या शब्दाचा प्रवेश मुळातच बंद ठेवला. एकेकाळी जाणकार प्रशासकाची सवय असलेली गोष्ट अशा रीतीने प्रणालीचा नियम बनली. यांपैकी प्रत्येक टप्प्यामागे एखादी घडून गेलेली आपत्ती आहे. ती ठाऊक नसेल तर हे टप्पे निरर्थक सोपस्कार वाटू लागतात आणि घाईच्या वेळी प्रथम तेच वगळले जातात.

निष्कर्ष

१. दूरस्थ प्रवेशाच्या साधनांतील प्रत्येक मोठी सुधारणा पूर्वनियोजनातून नव्हे, तर प्रत्यक्ष सुरक्षाभंगातून किंवा दाखविलेल्या दुबळेपणातून घडून आली.

२. प्रशासकाच्या दक्षतेवर सोपविलेली सुरक्षा अल्पजीवी ठरली आणि मूळ रचनेत समाविष्ट केलेली सुरक्षा अधिक टिकाऊ ठरली.

३. स्रोत खुला असल्यामुळे दोष सापडण्याची आणि बंद पडत असलेले काम इतरांनी पुढे नेण्याची शक्यता निर्माण होते. ही शक्यता प्रत्यक्षात येण्यासाठी मजकूर वाचणारी, समजणारी आणि संशय घेणारी माणसे असावी लागतात. डेबियन आणि एक्सझेड या दोन्ही प्रकरणांत अखेरीस एका व्यक्तीचे कुतूहल निर्णायक ठरले.

४. मुक्त स्रोत आज्ञावली विनामूल्य मिळते, तिची देखभाल मात्र विनामूल्य होत नाही. त्या श्रमाची किंमत कोणी ना कोणी स्वयंसेवक मोजत असतो.

शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने शेवटचे दोन निष्कर्ष विशेष विचार करण्याजोगे आहेत. परवान्याचा खर्च वाचतो म्हणून मुक्त स्रोत प्रणाली स्वीकारणाऱ्या संस्थेने वाचलेल्या रकमेचा काही भाग ती प्रणाली सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या प्रशिक्षणावर आणि वेळेवर खर्च करणे अगत्याचे आहे. तसेच संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात आज्ञा शिकविताना त्यांच्यामागील इतिहासही शिकविला गेला, तर अर्ध्या सेकंदाच्या विलंबाकडे संशयाने पाहणारे विद्यार्थी घडण्याची शक्यता वाढेल.